गूगलने व्हीआरमध्ये परत उतरायला हवं होतं का?

हडपसरचा_कोडर

नमस्कार मंडळी. महिनाभर एकच गोष्ट डोक्यात घोळतेय आणि इथे या लाइनमधले बरेच जण आहेत म्हणून विचारतो.

मी आठ वर्षं युनिटीवर, म्हणजे गेम बनवायच्या सॉफ्टवेअरवर, काम करतोय. आमचा स्टुडिओ छोटा, अकरा माणसं, पोट चालतं ते मोबाइल गेम्सवर, आणि मधेमधे बिल्डर लोकांना सॅम्पल फ्लॅटचे व्हीआर वॉकथ्रू करून देतो, म्हणजे डोळ्याला हेडसेट लावून आभासी फ्लॅटमध्ये फिरायचं. आता साहेबांच्या मनात आलंय की ऑक्टोबर २०२५ ला सॅमसंगचा गॅलक्सी एक्सआर हा हेडसेट आला, त्यात गूगलची अँड्रॉइड एक्सआर ही हेडसेटसाठीची ऑपरेटिंग सिस्टीम आहे, तर आत्ताच दोन माणसं पूर्ण वेळ त्याच्यावर बसवायची, गर्दी व्हायच्या आत आपण पोचलेलो असू. त्या दोघांत एक मी.

माझा मावसभाऊ अमेरिकेत असतो, सुट्टीवर आला तेव्हा तो हेडसेट घेऊन आला होता, दोन दिवस माझ्याकडे राहिला. वजन ५४५ ग्रॅम, बॅटरी वेगळी, ती वायरला लोंबते म्हणून पँटच्या खिशात ठेवायची. मागे एक चाक आहे ते फिरवून आवळायचं, पुढे कपाळाला गादी टेकते. सगळ्यात आधी नकाशे उघडले आणि न्यूयॉर्कवर गेलो. खरं सांगतो, पुलावरून खाली उतरताना पोटात गोळा आला, मी खुर्चीचा हात धरला. चित्र इतकं स्वच्छ की अक्षरं वाचायला त्रास नाही, आणि हे मी जुने हेडसेट वापरलेला माणूस सांगतोय, तेव्हा लहान अक्षरं वाचायची म्हणजे जाळीतून बघितल्यासारखं व्हायचं. चाळीस मिनिटांनी काढला तर कपाळावर लाल वळ. बॅटरी दोन तास.

वस्तू चांगली आहे यात वादच नाही. पण मनात पाल चुकचुकते ती वेगळ्याच कारणाने. व्हीआरमध्ये गूगल पहिल्यांदा येत नाहीये. तर सरळ प्रश्न, गूगलने यात परत पडायला हवं होतं का? आणि आले आहेतच तर आमच्यासारख्यांनी त्यांच्यामागे जावं का?

जुना_भिडू

माझं मत आधीच सांगतो, नको होतं. निदान असं तरी नको होतं.

जरा मागे जाऊ. २०१४ च्या जूनमध्ये गूगलने त्यांच्या वार्षिक कार्यक्रमात पुठ्ठ्याचा कार्डबोर्ड वाटला. पॅरिसच्या ऑफिसमधल्या दोघा इंजिनिअरांनी, दाव्हिद कोज आणि दामियाँ आन्री यांनी, नेहमीचं काम सांभाळून उरलेल्या वेळात तो बनवला होता. पुठ्ठा, दोन भिंगं, एक लोहचुंबक, आत आपला फोन. २०१५ च्या नोव्हेंबरात न्यूयॉर्क टाइम्सने रविवारच्या पेपरबरोबर दहा लाखांहून जास्त कार्डबोर्ड घरोघर टाकले. २०१७ पर्यंत गूगलने एक कोटी पाठवल्याचं सांगितलं. एवढ्या माणसांना व्हीआरची पहिली चव दुसऱ्या कोणीच दिली नव्हती, हे श्रेय त्यांचं आहे आणि ते कोणी काढून घेऊ शकत नाही.

मग काय झालं? २०१६ ला डेड्रीम आणला, कापडी हेडसेट, ७९ डॉलर, हातात छोटा रिमोट. पण आत फोनच. फोन घातला की तापायचा, बॅटरी भराभर उतरायची, आणि त्या वेळात फोन आला, मेसेज आला तर सगळं सोडून फोन बाहेर काढायचा. त्यातून डोकं वळवलेलं कळायचं, पण एक पाऊल पुढे टाकलेलं किंवा वाकलेलं कळायचं नाही. शरीर हललं आणि चित्र हललं नाही की मळमळ ठरलेली. २०१८ ला लेनोवोबरोबर फोनशिवाय चालणारा हेडसेट काढला, त्यात पाऊल टाकलेलं कळायचं, म्हणजे बरोब्बर योग्य दिशा सापडली होती, आणि २०१९ च्या ऑक्टोबरात डेड्रीम बंद! त्याच वर्षी मे महिन्यात फेसबुकचा, म्हणजे आताच्या मेटाचा, ऑक्युलस क्वेस्ट हेडसेट ३९९ डॉलरला आला होता आणि तीच दिशा बरोबर निघाली. जिंकायच्या सुमारास मैदान सोडलं. मला आजही याचं वाईट वाटतं कारण त्या काळात मी या लोकांचे सगळे व्हिडिओ, सगळी डॉक्युमेंट्स रात्र रात्र जागून वाचलीत.

टिल्ट ब्रश नावाचं हवेत चित्र काढायचं ॲप होतं, तसलं सुंदर ॲप मी पुन्हा बघितलं नाही. २०२१ च्या जानेवारीत त्याचा कोड सगळ्यांना खुला केला आणि काम थांबवलं. खुला केला हे चांगलंच केलं, त्यातून लोकांनी पुढे बरंच बनवलं. त्रिमितीय मॉडेल्सची पोली नावाची साइट होती, ती त्याच वर्षी बंद. गूगल ग्लास हा स्मार्ट चष्मा २०१३ ला १५०० डॉलरला, शेवटची कंपन्यांसाठीची आवृत्ती २०२३ च्या मार्चमध्ये बंद.

आता तुम्हीच बघा, यात एकही गोष्ट वाईट नव्हती. प्रत्येक वेळी माल चांगला आणि माणसं तर त्याहून चांगली. फक्त टिकले नाहीत. व्हीआरमध्ये पहिल्या दोन-तीन वर्षांत पैसा येतच नाही, तिथे हरण्याची ऐपत आणि हरायची तयारी दोन्ही लागतं. मेटाचा व्हीआर आणि चष्मे बनवणारा रिॲलिटी लॅब्स विभाग बघा, २०२२ ला १३.७ अब्ज डॉलरचा तोटा, २०२३ ला १६.१, २०२४ ला १७.७. दरवर्षी वाढताच. ते बरोबर करतायत का माहीत नाही पण उभे तर आहेत ना. गूगलकडे पैसा त्याहून कमी नाही, धीर कमी आहे. म्हणून म्हणतो, धीर नसेल तर उतरू नये, कारण मागे आपल्यासारखे छोटे लोक येतात आणि त्यांचं आयुष्यातलं दीड-दोन वर्षांचं काम पाण्यात जातं.

सांगलीकर

भिडूशेठ, इतिहास बरोबर सांगितलात पण निष्कर्ष मला पटला नाही. गूगलला न येऊन चालणारच नव्हतं.

आयफोनच्या सफारीत आपोआप गूगलचाच सर्च यावा म्हणून गूगलने ॲपलला २०२२ या एका वर्षात २० अब्ज डॉलर दिले, हे अमेरिकेतल्या कोर्टाच्या खटल्यात बाहेर आलं. हे भाडं आहे. दुसऱ्याच्या वाड्यात दुकान टाकायचं तर भाडं भरावंच लागतं. अँड्रॉइड नसता तर असं जबर भाडं त्यांना सगळ्याच फोनवर भरावं लागलं असतं. मेटाने तर हे सोसलंय, २०२१ ला ॲपलने आयफोनवर ट्रॅकिंगला परवानगी विचारायला लावली आणि मेटानेच सांगितलं की २०२२ मध्ये त्यापायी १० अब्ज डॉलरच्या आसपास फटका बसेल. झुकेरबर्ग उगीच नाही हेडसेटच्या मागे लागलेला, त्याला स्वतःचा वाडा हवाय.

आता उद्या लोकांच्या खिशातून फोन जाऊन डोळ्यावर चष्मा आला, आणि त्या चष्म्यात गूगलचं काहीच नसलं तर? म्हणून हेडसेट विकून नफा हा त्यांचा हेतूच नाहीये, ही शिकवणी आहे. हेडसेटवर हातांचे इशारे, नजरेने निवडणं, ॲप्सचं दुकान हे सगळं बसवून घ्यायचं आणि मग तेच हलक्या चष्म्यात उतरवायचं. २०२५ च्या मे महिन्यात त्यांनी वॉर्बी पार्कर आणि जेंटल मॉन्स्टर या चष्म्यावाल्यांची नावं घेतली ती याचसाठी.

आणि उलट बाजू बघा, ॲपलचा व्हिजन प्रो २०२४ च्या फेब्रुवारीत ३४९९ डॉलरला आला तेव्हा त्यावर यूट्यूबचं ॲप नव्हतं, नेटफ्लिक्सचं नव्हतं. एवढा महागडा हेडसेट आणि संध्याकाळी लोक जे बघतात तेच नाही. गूगलकडे यूट्यूब आहे, नकाशे आहेत, फोटो आहेत, प्ले स्टोअरवरची साधी ॲप्ससुद्धा चालतात.

रोहा_ते_रॉटरडॅम

किंमत कोणी बोलतच नाहीये. १७९९ डॉलर म्हणजे आपल्या हिशेबात दीड लाखाच्या वर, आणि विक्रीला आला तो फक्त अमेरिका आणि कोरियात. मेटाचा क्वेस्ट ३एस २०२४ ला २९९ डॉलरला आला होता, म्हणजे एकाच्या पैशात सहा. मी इथे युरोपात राहतो, माझ्या ऑफिसातल्या पोरांच्या घरी क्वेस्ट आहेत, पण अर्धे कपाटात आहेत हेही सांगतो. पहिले पंधरा दिवस सगळे पाहुण्यांना दाखवतात, मग चार्ज करायचा कंटाळा. त्याचं उत्तर ज्या कंपनीकडे असेल तिनेच यावं.

माणदेशी_मास्तर

मी प्राथमिक शिक्षक आहे, टेक्निकल मला कमी कळतं, पण कार्डबोर्डचा विषय निघाला म्हणून लिहितो.

२०१७-१८ च्या सुमारास आमच्या शाळेत मी बारा कार्डबोर्ड आणले होते, ऑनलाइन दीडशे-दोनशेला एक असे मिळायचे, गूगलने पुठ्ठा कसा कापायचा तो आराखडा फुकट ठेवल्याने कोणीही बनवून विकू शकत होतं. फोन होते चार, माझा, हेडमास्तरांचा आणि दोन पालकांचे. गूगलचं एक्स्पिडिशन्स नावाचं ॲप होतं, त्यात शिक्षकाच्या हातात एक फोन आणि मुलांच्या डोळ्याला बाकीचे, मी माझ्या फोनवर बोट ठेवलं की सगळ्यांना त्या बाजूला बघायचा बाण दिसायचा.

आमचा माण तालुका म्हणजे दुष्काळी पट्टा, तुम्हाला माहीतच असेल. पाण्याचा टँकर आला की वर्ग सुटायचा असे दिवस मुलांनी बघितलेत. त्या दिवशी मी समुद्राच्या तळाची प्रवाळ बेटं लावली. पाचवीतली एक मुलगी, एरवी तोंडातून शब्द काढायची नाही, तिने कार्डबोर्ड डोळ्याला लावला आणि दोन्ही पाय उचलून बाकावर घेतले. मी विचारलं काय झालं गं, तर म्हणाली, गुरुजी, पाणी वर आलंय. मग हळूच एक पाय खाली सोडून तिने फरशी चाचपून बघितली, पुन्हा वर घेतला. नंतरचे आठ दिवस ती मला समुद्राबद्दल विचारत होती, पाणी खारट का, मासे झोपतात का, खाली अंधार असतो तर झाडं कशी वाढतात. पुस्तकातला तो धडा मी सहा वर्षं शिकवत होतो, त्याआधी एकाही मुलाने एकही प्रश्न विचारला नव्हता.

हे ॲप २०२१ च्या जूनमध्ये बंद झालं हे वर कोणी लिहिलं नाही म्हणून सांगतो, त्यातल्या बऱ्याच सहली आर्ट्स अँड कल्चर या दुसऱ्या ॲपमध्ये ठेवल्यात.

तुम्ही सगळे दीड लाखाच्या वस्तूबद्दल बोलताय, ती माझ्या शाळेत कधी येणार नाही. पण दीडशे रुपयांची आली होती आणि ती याच कंपनीने काढली होती. मला विचाराल तर गूगलने व्हीआरमध्ये जरूर यावं, पण खालच्या टोकाने यावं. महाग हेडसेट काढायला बाकीचे समर्थ आहेत.

चाकणवाला

गुरुजी, तुमची पोस्ट वाचून अंगावर काटा आला.

मी चाकणला ट्रेनिंग सेंटर बघतो. आमच्याकडे आयटीआय झालेली पोरं अप्रेंटिस म्हणून येतात आणि मिग वेल्डिंग शिकतात. चार वर्षं झाली, पहिला आठवडा आम्ही त्यांना हेडसेटवर शिकवतो. हातात खरी टॉर्च असते, फक्त गॅस आणि वायर नाही. टॉर्चचा कोन, प्लेटपासूनचं अंतर, हात सरकवायचा स्पीड, यातलं काहीही चुकलं की समोरचा बीड, म्हणजे वेल्डिंगची रेघ, लाल होतो, जमलं की हिरवा. नवीन पोराचा हात कापतो, ठिणग्या बघून मान मागे जाते, आणि मान मागे गेली की बीड वाकडा. हेडसेटवर पन्नास वेळा केलं की ती भीती जाते आणि मग खऱ्या बूथमध्ये सोडला की पहिल्याच दिवशी फरक दिसतो. वाचलेल्या प्लेटा, वायर, सीओटूची नळकांडी यांचा हिशेब मी दर महिन्याला ठेवतो म्हणून कंपनी मला हेडसेट घेऊ देते. लोक म्हणतात व्हीआरला उपयोग सापडला नाही, अहो आमच्याकडे तीन शिफ्टमध्ये तो उपयोग चाललाय.

पण अडचणी ऐका. मे महिन्यात एका हेडसेटमध्ये दिवसाला पंधरा पोरांचा घाम जातो. स्पंजची गादी दोन महिन्यांत कुजते, आम्ही पुसता येतील अशी रेक्झिनची कव्हरं शिवून घेतली. आणि खरी अडचण ही नाहीच. मागे आम्ही एका कंपनीचे आठ हेडसेट घेतले होते, नाव घेत नाही. ते सगळे एका ठिकाणाहून चालवायची त्यांची एक ऑनलाइन सर्व्हिस होती, दरवर्षी पैसे भरायचो. एक दिवस मेल आला की सर्व्हिस बंद होतेय. हेडसेट धडधाकट, काचेला ओरखडा नाही, पण लॉगिन होईना. दोन महिने आठही कपाटात पडून होते, त्या बॅचची पोरं डायरेक्ट बूथमध्ये गेली. शेवटी एका ओळखीच्या मुलाने रिसेट करून दिले.

तेव्हापासून मी कुठल्याही कंपनीच्या माणसाला चित्र किती स्वच्छ आहे हे विचारत नाही. किती वर्षं, तेवढं लेखी द्या म्हणतो. सॅमसंग आणि गूगल दोघंही त्यांच्या वरच्या फोनना सात वर्षं अपडेट जाहीर करतात, २०२३-२४ पासून. हेडसेटला तेच लिहून दिलं तर माझ्यासारखे खरेदीदार रांग लावतील, १७९९ काय अन् काय. फोन घेणारा एक घेतो, आम्ही चाळीस घेतो.

नेत्रा_नाशिक

मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, एकच मुद्दा, कारण तो कोणी मांडला नाही आणि कंपनीने यावं की नाही हे बरंचसं त्यावर ठरतं.

हेडसेटमधला पडदा डोळ्यापासून दोन बोटांवर असतो, भिंगांमुळे तो दीड-दोन मीटरवर असल्यासारखा दिसतो, आणि ते अंतर पक्कं असतं, बदलत नाही. खऱ्या जगात वाटी नाकाजवळ आणली की दोन गोष्टी एकदम होतात, दोन्ही बुबुळं आत वळतात आणि डोळ्यातलं भिंग जवळ फोकस करतं. लहानपणापासून या दोघांची जोडी बसलेली असते. हेडसेटमध्ये वाटी जवळ आली की बुबुळं वळतात पण फोकस मात्र दोन मीटरवरच ठेवावा लागतो, नाहीतर सगळं अंधुक. तासभर डोळ्यांना हे करायला लावलं की कपाळ दुखणारच. हडपसरच्या दादांना आलेला वळ पट्ट्याचा होता, पण डोकं जड झालं असेल तर ते याचं.

पिक्सेल वाढवून हे जात नाही. फोकस बदलू शकणारे पडदे प्रयोगशाळेत आहेत, दुकानातल्या नेहमीच्या हेडसेटमध्ये नाहीत. ज्याच्याकडे पैसा आणि शास्त्रज्ञ दोन्ही आहेत अशाच कंपन्या हे सोडवू शकतात, म्हणून मला वाटतं मोठ्यांनी यावं. आणि दादा, तुमच्या सॅम्पल फ्लॅटमध्ये ग्राहकाच्या अगदी जवळ वस्तू फार वेळ ठेवू नका, हातभर लांब ठेवा. बुबुळांमधलं अंतर प्रत्येकाचं वेगळं असतं, तेही दर ग्राहकाला सेट करून द्या, साइटवरचे सेल्सवाले ते कधीच करत नाहीत.

जुना_भिडू

चाकणवाले, लेखी वर्षांचा मुद्दा एक नंबर. माझं 'नको होतं' मी एवढं बदलतो, सात वर्षं लेखी देणार असतील तर यावं. गुरुजींच्या त्या मुलीसाठी तर यावंच.

हडपसरचा_कोडर

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं मिळेल वाटलं नव्हतं.

आज साहेबांशी बोललो. चाकणवाल्यांची पोस्ट त्यांना फोनवर वाचून दाखवली आणि गुरुजींची पण. ठरलं ते असं की दोन माणसं पूर्ण वेळ नाही, मी एकटा, तेही चार महिने. आणि अट घातली की जे काही बनवेन ते ओपनएक्सआरवर बनवेन. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, हे २०१९ ला आलेलं सामायिक मानक आहे, क्वेस्ट आणि अँड्रॉइड एक्सआर दोन्ही ते चालवतात. उद्या गूगलने परत गाशा गुंडाळला तरी हात ओळखायचा थोडा भाग बदलून तोच प्रोजेक्ट क्वेस्टवर चढवता येईल. गूगलच्या खास गोष्टी, एआयशी बोलणं वगैरे, वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवणार, काढून टाकल्या तर बाकीचं मोडायला नको.

नेत्राताई, तुम्ही सांगितलेलं आजच करून बघितलं. स्वयंपाकघरातला ओटा मी ग्राहकाच्या अगदी पोटाशी ठेवला होता, तो दीड हात मागे सरकवला. आईला घालायला दिला, ती आधी पाच मिनिटांत काढायची, आज ओट्यावरची कपाटं उघडून बघत बसली.

गुरुजी, तुमच्याकडचे ते बारा कार्डबोर्ड अजून आहेत का? कार्डबोर्डचा कोडही गूगलने २०१९ ला सगळ्यांना खुला केला होता, त्याच्यावर साध्या फोनवर चालेल असं काही बनवता येईल का ते मला शनिवार-रविवारी बघायचंय. कुठल्या धड्यांपासून सुरुवात करू तेवढं सांगा.